कोऱ्या कागदाचं पाकीट

३ फेब्रुवारी, सोमवार

आले बाई एकदाची. दोन बॅगा, एक उशी आणि ही वही. खाली दातांचा दवाखाना, वर मला दिलेली खोली. सकाळचं ऊन थेट पलंगावर येतं आणि पलंग दोघींना पुरेल एवढा आहे. दोघी म्हणजे मी आणि खारू. खारू माझी लेक, वय वर्षं सात. खाऊ गालात साठवून ठेवते म्हणून खारू. तिचं खरं नाव मी वहीत लिहीत नाही. आई म्हणायची, लेकराचं नाव उगाच कागदावर गिरवू नये. आईचं बाकी काही ऐकलं नाही, एवढं ऐकते.

सध्या ती वहिनीकडे आहे. पंधरा दिवसांत दवाखान्याच्या काउंटरवरचं माझं काम पसंत पडलं तर खोली कायमची, आणि सोळा तारखेला वहिनी तिला आणून सोडणार. नाही पडलं तर आम्ही दोघी पुन्हा भावाच्या घरी, पाहुण्यासारख्या अंग चोरून.

डॉक्टरीणबाई मोजकं बोलतात. त्यांच्या टेबलावर दोन मुलग्यांचा फोटो आहे. गोड आहेत हो, म्हटलं, तर म्हणाल्या की फ्रेमबरोबरच आला असावा. मी हसले. त्या हसल्या नाहीत. झाडलोट करणाऱ्या मावशी मात्र बोलक्या. शेल्फवर पेशंटच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे ओळीने मांडलेत, ते पुसताना त्या साच्यांशीही गप्पा मारतात. निदान उलट उत्तर देत नाहीत, म्हणाल्या.

४ फेब्रुवारी, मंगळवार

माझं खरं काम आज कळलं. पेशंटची सगळी माहिती, एक्स-रे, सगळं काउंटरवरच्या कॉम्प्युटरमध्ये, आणि तो कुलूपबंद. आधीच्या बाई पासवर्ड न सांगताच गेल्या. मुख्य पासवर्ड त्यांचाच, त्यामुळे दुसऱ्या कुणाला आत शिरता येत नाही. तोवर माहिती जाड रजिस्टरात लिहायची.

इथला एक नियम आहे. पासवर्ड असा ठेवायचा की जन्मात विसरणार नाही. संध्याकाळी तो कागदावर लिहायचा, पाकिटात घालून चिकटवायचा, चिकटवल्या जागी सही करायची आणि पाकीट खणात ठेवायचं. माणूस सोडून गेल्यावरच ते फोडायचं. आधीच्या बाईंचं पाकीट डॉक्टरीणबाईंनी माझ्यासमोर फोडलं. आत कोरा कागद.

मी मुळात संशयी. दूध उतू गेलं तरी आधी गॅसकडे रागाने बघणारी. मला वाटलं, बाईंनी जाताना मुद्दाम खोडी काढली.

५ फेब्रुवारी, बुधवार

जमलं! आधीच्या नोकरीत ही विद्या शिकले होते. पेनड्राइव्ह लावून कॉम्प्युटर त्यावरून सुरू करायचा, जुना पासवर्ड पुसायचा, नवा घालायचा. त्याआधी चुकीचा पासवर्ड टाकून बघितला, तर पडद्यावर, पासवर्ड आठवावा म्हणून आधीच्या बाईंनी ठेवलेली खूण आली: ‘ह्यांना मी लाडाने काय म्हणते’. वाचून लाजल्यासारखं झालं.

नवा पासवर्ड म्हणून खारूचं खरं नाव घातलं. खूण लिहिली, ‘माझ्या लेकीचं नाव’. मावशी मागे फडकं घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, त्यात आपलं माणूस घालू नका, दगड-धोंडा काहीही घाला. मी म्हटलं, मावशी, तुम्ही जबड्यांकडे बघा, हे माझ्यावर सोडा.

सगळी माहिती उघडली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खोली तुमची समजा. वहिनीला लगेच फोन केला. मागून खारूचा आरडाओरडा ऐकू येत होता.

संध्याकाळी पाकिटाचा कागद घेऊन बसले आणि नाव आठवेना. पेन टेकवून दहा मिनिटं बसले. स्वतःच्या पोरीचं नाव! प्रवासाचा शीण, दुसरं काय. डॉक्टरीणबाई दारात उभ्या. आता कुठल्या तोंडाने सांगू? आजच तर खोली मिळाली. कोरा कागद घातला, चिकटवला, सही केली.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी कॉम्प्युटर पुन्हा कुलूपबंद. खूण माझीच. नाव अजून येत नाही.

मावशींवर संशय आहे. काल मागेच होत्या. पण पासवर्ड बदलला म्हणून माझ्या डोक्यातलं नाव कसं जाईल? डॉक्टरीणबाईंना यंत्रात बिघाड आहे म्हणून सांगितलं. त्या मान हलवून रजिस्टर पुढे सरकवून गेल्या. एवढ्या शांत कशा?

७ फेब्रुवारी, शुक्रवार

वहिनीला फोन केला. कसल्याशा फॉर्मवर लिहायचंय, असं सांगून खारूचं नाव विचारलं. ती हसत सुटली, मग सांगितलं. ऐकलं, आणि फोन ठेवेपर्यंत गेलं. पुन्हा केला. या वेळी हातावर लिहून घेतलं. काउंटरपर्यंत आले तर तळहातावर नुसता निळा डाग. तिसऱ्यांदा फोन केल्यावर वहिनी हसली नाही.

खारूला फोनवर दिलं. एक मूल बोलत होतं. आवाज ओळखीचा वाटला नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

आधीच्या बाईंचा पत्ता मावशींनी दिला. जाब विचारायला गेले होते. बाई भल्या आहेत. एका गृहस्थांनी दार उघडलं, चहा केला, बाईंच्या गोळ्या काढून दिल्या, शाल दिली. ते आत गेल्यावर बाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, कोण आहेत कळत नाही, पण रोज येतात बिचारे, जायचं नाव घेत नाहीत.

भिंतीवर लग्नाचा फोटो होता. त्यात तेच गृहस्थ.

कोरा कागद का ठेवलात, विचारलं. म्हणाल्या, लाज वाटली हो सांगायची.

१० फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टरीणबाई जेवायला गेल्यावर खण उपसला. पाच पाकिटं. चार फोडलेली, पाचवं माझं. त्या चारही पाकिटांत कोरे कागद. सगळ्यांनाच लाज वाटली.

सगळ्यात जुन्या पाकिटावर सही डॉक्टरीणबाईंची.

तो फोटो. ती दोन मुलं. फ्रेमबरोबर आलेली नाहीत ती. सगळं माहीत असून मला त्या यंत्रापुढे बसवलं? की माहीत आहे हेही त्या विसरल्या? पेनड्राइव्ह लावून पासवर्ड पुन्हा पुसला. कॉम्प्युटर उघडला. नाव आलं नाही. पुसल्यामुळे आता ते तिथेही —

मावशी जिना पुसत होत्या. म्हणाल्या, मी सांगितलं होतं. प्रत्येकीला सांगते.

१२ फेब्रुवारी

बॅगेत एका मुलीचा फोटो सापडला. गाल फुगलेला. मागे माझ्या अक्षरात वाढदिवसाची तारीख.

वहीत जागोजागी खारू लिहिलंय. आधीची पानं रोज वाचते. वाचलं की कळतं, माझी लेक आहे. वही मिटली की —

१४ फेब्रुवारी

वाचलं तरी आता दुसऱ्या कुणाची गोष्ट वाटते. या बाईला मुलगी आहे. बरं आहे तिचं.

पलंग एकटीला मोठा होतो. दोघींना पुरेल असं का लिहिलं होतं?

रडू येतंय. कशाचं ते —

१६ फेब्रुवारी

सकाळी दहा. दवाखान्यात वहिनी आलीय. वहिनीला ओळखते मी. बरोबर एक मुलगी, पाठीवर दप्तर. वहीत लिहिलं होतं, सोळा तारखेला कुणीतरी —

मुलगी धावत आली. कमरेला मिठी मारून राहिली. चुकली असेल. गाल फुगलाय. दाढ सुजली असावी.

डॉक्टरीणबाई आपल्या दारातून बघताहेत. मला बघून पहिल्यांदाच हसल्या.

मी रजिस्टर उघडलं. नेहमीप्रमाणे विचारलं, बाळ, नाव काय तुझं? मुलीने माझ्याकडे बघत नाव सांगितलं. पुन्हा सांगितलं. आता ती मोठ्याने, रडत, पुन्हा पुन्हा सांगतेय, आणि मी लिहून घेतेय,

पेशंट नवीन. वय सात. नाव —