लाईन गेली की विसरणारा डब्बा

ढाणकी, १० जून २०१३

चि. संघदीप यास ताईचे अनेक आशीर्वाद व जय भीम.

फोनवर तू घाईत असतो अन अर्धं बोलणं रेंज खाते, म्हणून कागदावर भांडते. भीमजयंतीले आला तेव्हा वाचनालयाच्या संगणक खोलीतल्या राउटरमध्ये तू आपल्या हातानं बदल करून गेला. इंटरनेट कंपनीच्या सेटिंगवर तंत्रनिकेतनच्या प्रवेशाची वेबसाईट उघडत नव्हती, ती भराभर उघडली. मले केवढा अभिमान वाटला होता! पण विजेची लाईन गेली की तो डब्बा सगळं विसरून जाते. तू फोनवर दोनदा राउटरमध्ये टाकायच्या ओळी सांगितल्या, त्या पुढच्या वेळी लाईन जाईपर्यंतच टिकल्या. अन ढाणकीत लाईन दिवसातून चारदा जाते.

रविवारी वाचनालय समितीच्या बैठकीत सचिव भीमराजभाऊ सर्वांसमोर म्हणाले, बाईच्या हाती मशीन टिकत नाही, राउटर माझ्या भाच्याच्या मोबाईल दुकानात ठेवा. बारा वर्षं हे वाचनालय मी सांभाळून राह्यली. पण बिघाड काय हेच ठाऊक नाही, तर बोलू काय? फॉर्म भरायची शेवटची तारीख २९ आहे. आपल्या गल्लीतली मोनाली अन तांड्यावरच्या लालीबाईची निकिता दोनदा येऊन परत गेल्या. निकिता तर दोन कोस पायी येते.

आशीर्वाद आहेतच, उत्तर मात्र लवकर दे.
तुझी दीपमालाताई

पुणे, १४ जून

ती. ताईस सादर जय भीम.

रागावू नकोस, पण पत्र वाचून हसू आलं. राउटरच्या मागे एक बारीक बटण असतं. ते दाबलं की सगळं पुसलं जातं. धूळ झटकताना तुझ्याकडून दाबलं जात असणार. तू मागच्या बाजूला हातच लावू नकोस. समितीला इन्व्हर्टर घ्यायला सांग. दिवाळीत येईन तेव्हा बघतो. पाऊस कसा आहे? वावरात कपाशीची पराटी लावली का?

तुझी माया जन्मापासूनची आहे, ती या डब्ब्यापायी आटू देऊ नकोस.
संघदीप

ढाणकी, १८ जून

चि. संघदीप यास आशीर्वाद. आज तेवढेच.

हसू आलं? भीमराजभाऊ तोंडावर बोलले, तू पत्रातून बोलला. फरक एवढाच की तुझ्या बोलण्याले पोस्टाचं तिकीट लागलं. न पाहता, न विचारता बाईवर ठपका ठेवायले तुले पुण्यात शिकवलं काय?

आता ऐक. काल मोनालीच्या आईले, प्रभावतीवहिनीले, साक्षीदार म्हणून बसवलं. तुझ्या ओळी टाकल्या, पडद्यावरची सेटिंग वहीत उतरवली. मग भिंतीतली पिन काढली, पुन्हा लावली. राउटरले बोटही लावलं नाही. तीनदा केलं. तिन्ही वेळा तू टाकलेलं गेलं अन कंपनीनं टाकलेलं वायफायचं नाव जसंच्या तसं राहिलं. म्हणजे काही टिकते, काही टिकत नाही. ते काहून, हे मले सांग. वहीची पानं सोबत जोडली आहेत. हसायच्या आधी वाच.

निकिता काल तिसऱ्यांदा येऊन गेली. फॉर्म अर्धा भरला तोच लाईन गेली, ती अंधार पडेपर्यंत आली नाही.
दीपमाला

पुणे, २२ जून

ती. ताईस सादर जय भीम.

चूक माझी आहे. ऑफिसात तसाच राउटर होता, त्यावर तुझ्या वहीप्रमाणे करून पाहिलं. मी टाकलेलं सगळं गेलं. राउटरच्या आत लहानसं लिनक्स चालतं. चालू असताना केलेला बदल नुसता मेमरीत राहतो, वीज गेली की जातो. तो कायमच्या जागेत उतरावा म्हणून शेवटी 'कमिट'ची वेगळी ओळ द्यावी लागते. मी ती दिलीच नाही. बस सुटत होती, साईट उघडली आणि मी उठलो. फोनवरही तुला तीच अर्धी कृती सांगितली.

ओळी वेगळ्या चिठ्ठीवर इंग्रजीत लिहिल्या आहेत. एक ओळ राउटर सुरू होताना आपोआप चालणाऱ्या यादीत टाक, कारण कंपनी दर जोडणीला आपलं सेटिंग परत पाठवते. मग कमिट. समितीसाठी माझ्या सहीचं पत्रही जोडलं आहे. ते बैठकीत वाच.

लोभ ठेव असं म्हणायचं तोंड नाही, तरी ठेव.
संघदीप

ढाणकी, १ जुलै

चि. संघदीप यास अनेक आशीर्वाद व जय भीम.

पत्र २६ ले मिळालं. ओळी टाकल्या, कमिट दिलं. त्याच दिवशी बैठक बोलावली अन सर्वांसमोर भिंतीतली पिन काढली. पुन्हा लावली. दोन मिनिटं राउटरचे दिवे लुकलुकले. साईट उघडली. तुझं पत्र वाचून दाखवलं. भीमराजभाऊ म्हणाले, बरं, राहू द्या राउटर इथंच. मी म्हटलं, एवढ्यानं भागत नाही, दोष दीपमालाचा नव्हता असं इतिवृत्तात लिहा. त्यांनी लिहिलं, सही केली. मोनालीचा फॉर्म तेव्हाच भरला.

दुसऱ्या दिवशी तांड्यावर निकिताकडं गेलती. घराले कुलूप होतं. शेजारची मानीबाई म्हणाली, फुकट चकरा मारून पोट्टी कंटाळली, माय तिले घेऊन पुसदकडं मामाच्या वावरात पेरणीची सरकी टोबायले गेली. लालीबाईचा मोबाईल बंद. मी २९ च्या संध्याकाळपर्यंत रोज फोन लावला.

निकिता काल परत आली. साईट बंद झाल्याचं तिले सांगितलं. तिनं एवढंच विचारलं की ताई, मशीन काहून बिघडलं होतं? त्याचं उत्तर मी तुझ्यावर ठेवलं. तिचं एक वर्ष गेलं, संघदीप. समितीच्या इतिवृत्तानं माझा दोष गेला, तिचं वर्ष परत येत नाही. दिवाळीची वाट पाहू नको. ये, अन तिच्या दारात बसून तूच सांग.

वाट पाहणारी तुझी ताई,
दीपमाला