जास्तीचे रिठे

गुरुजी, आज तुमच्या शाईबद्दल लिहितो आहे. शाळेच्या पडवीत तुम्ही दिव्यावर खापर पालथं घालून काजळी धरायचात, ती रिठ्याच्या पाण्यात घोटायचात आणि म्हणायचात, "काजळी तेलकट, तिचं पाण्याशी पटत नाही. रिठा मधे पडतो म्हणून पटतं." रिठे चार, पाचवा कधी नाही. बोरू बुडवला की पहिली रेघ देवाच्या नावाची, ही तुमची सवय माझ्या हाताला अजून आहे. एका सकाळी भांड्यात वर पाणी आणि तळाशी गाळ दिसला. तुम्ही विचारलंत, "मीठ कोणी टाकलं? मिठानंच शाई फाटते." आणि सगळ्या वर्गानं मिठवाल्याच्या मुलाकडे पाहिलं. त्याचा बाप बैलावर मीठ लादून गावोगाव विकायचा, एवढाच पुरावा. "न्हाई गुरुजी, आईच्यान न्हाई," तो म्हणत राहिला आणि तुम्ही छडी मोडेपर्यंत मारत राहिलात. तो पुन्हा शाळेत आला नाही. पुढे बापाच्या बैलामागे चालताना दिसायचा. मीठ त्यानंच टाकलं, असं मीही धरून चाललो.

आता मी पिंपरीला एका लहानशा कारखान्यात शाई घोटतो. खोक्यांवर, चाकणच्या कांद्याच्या गोण्यांवर छाप मारायची काळी शाई. रिठ्याच्या जागी साबणाचं पाणी, बाकी सगळं तुमचंच. गळ्यात माळ आहे म्हणून मला सगळे बुवा म्हणतात. साबणाचं पाणी मापून टाकायचं काम निर्वासितांच्या कॅम्पातल्या एका सिंधी गृहस्थाकडे आहे. माझ्याच वयाचा, फाळणीत सगळं मागे टाकून आलेला. तो माप मारतो आणि उरलेला साबण घरी नेतो, असं मी पहिल्या आठवड्यातच ठरवून टाकलं. का, ते विचाराल तर सांगता येणार नाही. एकदा त्याच्या जेवणाच्या डब्याचा वाससुद्धा घेतला. डाळीचा होता. तरी संध्याकाळी तो गेला की मी पिंपात दोन ओगराळी साबणाचं पाणी गुपचूप ओतत असे.

गेल्या महिन्यात पिंपात वर पाणी, खाली गाळ. छाप मारणारा मावळातला गडी हसला, "बुवा, शाईलाबी पाणी सुटलं व्हय?" मी सरळ त्या सिंध्यालाच विचारलं, मीठ टाकलंस का म्हणून. "मीठ कशाला टाकू बुवा? माझ्या बायकोच्या डाळीतच नसतं," तो हसत म्हणाला. त्याचं ते हसणं मला आवडलं नाही. मी शेठच्या कानावर घातलं. शेठ म्हणाले, "शनिवारनंतर येऊ नको म्हणून सांगतो त्याला."

शुक्रवारी शेठच्या ओळखीचे एक केमिस्ट आले. त्यांनी गाळ धरलेली शाई काचेच्या पेल्यात घेतली, नुसतं पाणी घालून ढवळली. ती काळी झाली आणि काळीच राहिली. दुसऱ्या पेल्यात चांगली शाई घेऊन ते साबण वाढवत गेले, तर काजळी हळूहळू गोळा होऊन तळाशी बसली. "मीठ नाही, साबण जास्त झालाय," ते म्हणाले. "बेताचा साबण काजळीच्या कणांना चिकटतो आणि त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतो. उरलेला साबण पाण्यात आपलेच बारीक गोळे करतो. दोन कण जवळ आले की मधल्या फटीत ते गोळे मावत नाहीत. मग बाहेरचे गोळे बाहेरूनच त्या दोघांना एकमेकांवर रेटतात, जत्रेतल्या गर्दीसारखे. आमच्यातही यावर एकमत नाही, पण मला असं वाटतं." मग त्यांनी विचारलं, साबण कोण टाकतं?

"मी," तो म्हणाला. "रोज एक माप. वर थेंब नाही, देवाशपथ." सगळे त्याच्याकडे बघायला लागले. गुरुजी, ते बघणं मी ओळखलं. मी आपल्या पडवीत उभा आहे, मिठवाल्याचा मुलगा आईची शपथ घेतो आहे, आणि आदल्या संध्याकाळी शाळा झाडताना तुमच्या भांड्यात मूठभर रिठे मी टाकले आहेत. शाई जास्त काळी होईल, तुम्ही शाबास म्हणाल, म्हणून.

"शेठ, वरचा साबण माझा," मी म्हणालो. "हा कमी टाकत असेल असं वाटलं म्हणून."

शेठनी शनिवारचं बोलणं मागं घेतलं. तो मात्र म्हणाला, "बुवा, विचारायचं होतं ना. डबा उघडून दाखवला असता." तो अजून कामावर आहे. पण आता रोज संध्याकाळी जाताना माझ्यासमोर डबा उघडतो, दाखवतो, झाकण लावतो आणि मग जातो. नको म्हटलं तरी ऐकत नाही.

एक गोष्ट तेवढी मला सोडत नाही. त्या दिवशी छडी टाकल्यावर तुम्ही रिठ्यांची बरणी उचलून वरच्या कोनाड्यात ठेवलीत, माझा हात पोचणार नाही अशी. भांड्यात मीठ पडलं असेल तर रिठे कशाला लपवायचे? तुम्हाला कळलं होतं, असा माझा संशय आहे. हा कागद पोथीच्या फडक्यात बांधून ठेवतो, तुम्ही तर गेलात, पाठवणार तरी कुठे. आणि खरं सांगतो, हा संशय खरा निघावा असं मला वाटतं. म्हणजे त्या मुलाचं अर्धं ओझं तरी तुमच्याकडे राहील.