स्वच्छ केलेल्या फिती

प्रिय धाकट्या,

दोर वळणाऱ्या बायकांच्या गाण्यांच्या मूळ ध्वनिफिती येत्या मंगळवारी नष्ट करणार, हे आज पक्कं झालं. आमच्या संग्रहालयाच्या संचालकांनी स्वतः माझ्या टेबलापाशी येऊन सांगितलं, तेही उभ्याउभ्या, म्हणजे मला वाद घालायला सवड मिळू नये. त्यांचंही सगळंच चुकतं असं नाही, हीच पंचाईत आहे. माणूस वाईट असता तर रागावणं सोपं गेलं असतं. फितींच्या खोलीचं छत गळतं, थंड हवेचं यंत्र महिन्यातून एकदा तरी मान टाकतं, निम्म्या फितींना आंबूस वास सुटलाय, आणि त्याच खोलीत आता पडदे आणि हेडफोन लावून लोकांसाठी ऐकण्याचं दालन करायचं आहे. नवा नियम असा, की ज्या फितीची परिपूर्ण प्रत झाल्याचा दाखला आहे, ती फीत सांभाळायची गरज नाही. दाखला तुझ्या सहीचा आहे.

तुझी ताई जुन्याला कवटाळून बसलीय, असं तू मागच्या फोनवर म्हणालास. म्हणून आधी तेवढं साफ करून टाकते. या फितींच्या प्रती करा, करा, म्हणून वर्षानुवर्षं कोण ओरडत होतं? मीच. फीत म्हणजे काही दगड नव्हे, ती दर उन्हाळ्यात थोडी मरते. तुझ्या कंपनीला काम मिळालं तेव्हा मी सगळ्या ऑफिसला चहा पाजला, आणि आमच्या रंगाऱ्याने विचारलं, “काय ताई, लग्न ठरलं काय कुणाचं?” तेव्हा मी म्हटलं, त्याहून मोठं. फिती मीच माझ्या हाताने कापडात गुंडाळून तुझ्या माणसांच्या ताब्यात दिल्या. तेव्हा बदलाला विरोध वगैरे शब्द माझ्यासाठी वापरू नकोस. मला हवं होतं तेच झालं आणि ते असं झालं, याचा वैताग मी कुणापुढे मांडायचा, तेच मला कळत नाही.

तुझं काम सुरेख झालं, हे मी तेव्हाही म्हटलं होतं. बक्षीस समारंभात तू आधी मूळ ध्वनी ऐकवलास. दोराला पीळ देणाऱ्या चाकाची ती कर्कश कुरकुर, तिच्यामागे कुठेतरी बायकांचे आवाज. मग तू बटण दाबलंस, कुरकुर गेली आणि गाणं नुसतं न्हाऊन बाहेर आल्यासारखं समोर उभं राहिलं. सगळं सभागृह टाळ्या वाजवत होतं. मीही वाजवल्या. भावाला बक्षीस मिळत असताना बहीण काही हाताची घडी घालून बसत नाही.

बोंब झाली ती नंतर, दोर वळायच्या वर्गात. आमच्या मागच्या अंगणात आम्ही तो सुरू केला, तुला सांगितलंच होतं. शिकवायला आपली लांबआत्या येते, कारखान्यात दोर वळताना या फितींवर गायलेली. ती अजून तशीच उंच आणि तशीच तोंडाळ आहे, फक्त गुडघे गेलेत. तुझ्या प्रतीत स्वतःचा आवाज ऐकून ती इतकी हरखली की तीन वेळा परत लावायला लावलं. “अगं, मी एवढी गोड गायचे? मग मेल्या मुकादमाने आयुष्यभर गप्प बस गप्प बस का केलं?” फोनमध्ये भरून घेऊन ती गल्लीभर ऐकवत फिरली. त्याच गाण्यावर तिने मुलींना दोर वळायला शिकवलं. मुली हुशार आहेत. एक जण चाक फिरवायची, बाकीच्या कमरेला तंतू गुंडाळून, गाण्याच्या तालावर एकेक पाऊल मागे टाकत छान चालायच्या. आणि दोर व्हायचा सैल. पुन्हा केला, पुन्हा सैल. आम्ही तंतू बदलले, चाकावरचे लोखंडी आकडे बदलले, मुलींना ओरडलो. एक तर रडलीसुद्धा. शेवटी लांबआत्या वैतागून म्हणाली की या गाण्यावर दोर नाही व्हायचा, फार तर वेणी घालता येईल.

मग मी नियम मोडला. एक मूळ फीत खोलीतून काढली, जुन्या यंत्रावर चढवली आणि खिडकी उघडी ठेवून वाजवली. अंगणभर ती कुरकुर घुमली. संचालक वरून धावत आले, “अहो, यंत्र बिघडलंय, बंद करा!” त्यांना हात करून मी थांबवलं, कारण खाली मुलींची पावलं आपोआप थबकत होती. ओळ संपायची, मुली उभ्या राहायच्या, फितीतलं चाक कुरकुरत राहायचं, आमचं फिरत राहायचं आणि तेवढ्या वेळात दोरात पीळ भरायचा. पुढची ओळ आली की पाऊल मागे. कारखान्यात प्रत्येक फेऱ्याला चाक एकदा कुरकुरायचं, आणि ती कुरकुर ऐकून बायकांना कळायचं की पीळ किती झाला. तुझ्या संगणकाने आधी कुरकुर काढली. कुरकुर गेल्यावर ओळींच्या मध्ये नुसती शांतता उरली. शांततेने ऐकणारा कंटाळतो, म्हणून मग तीही छाटली. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी शहाणपणाच्याच होत्या, तुझ्या जागी कुणीही हेच केलं असतं. पण गाण्यात काम करायला जी जागा ठेवली होती, तीच गेली. त्या दिवशीचा दोर इतका घट्ट झाला की लांबआत्याने तो हातात घेऊन दोनदा ताणला, आणि मग पिशवीत घालून घरी नेला. यंत्रावरून उतरवताना ती फीत मात्र कडेने चिरली. या फिती आता अजून एकदाच नीट वाजतील, त्याहून जास्त नाही.

तुला फोन केला तेव्हा मला एवढंच विचारायचं होतं, की न धुतलेली कच्ची प्रत कुठे ठेवली आहेस का. तू म्हणालास, काम स्वीकारल्यावर कच्च्या प्रती पुसायच्या असं करारातच होतं. मग तू म्हणालास, “लोकांना गाणं ऐकायचंय ताई, गंजकं चाक नाही.” मी म्हटलं, लोकांना ऐकू दे की, तुझी प्रत दालनात राहू दे, छानच आहे ती. पण ती फक्त ऐकायची प्रत आहे, पूर्ण नाही, एवढं लिहून दे. तू म्हणालास, दाखला मागे घेतला तर कंपनी मला दारात उभं करणार नाही. आणि मग तुला कसलीशी मीटिंग आली. तेव्हापासून तुझा फोन वाजतो आणि वाजून थांबतो. संचालकांना सांगावं तर ते म्हणतात, तुमच्या घरातल्याच माणसाची सही आहे, आधी घरात ठरवा.

आता जे लिहायचं नाही असं ठरवलं होतं, ते लिहिते. काम संपवलंस तेव्हा तू मला विचारलं होतंस, की सगळ्या फिती कान देऊन ऐकल्या, आई त्याच कारखान्यात होती ना, मग तिचा आवाज कुठेच कसा नाही? मी विषय बदलला, कारण तोवर प्रती होऊन गेल्या होत्या आणि समारंभ तोंडावर होता. धाकट्या, आई गातच नव्हती. तिला सूर धरता यायचा नाही, म्हणून तिला चाकावर बसवलं होतं. ध्वनिमुद्रण करायला आलेला माणूस तिला म्हणाला, बाई, तेवढं चाक थांबवता का, फार कुरकुरतंय. तर आई म्हणाली, “थांबवते की. पण मग या काय हवेत चालणार का?” तू तिच्या शेजारी झोळीत असायचास. चाक थांबलं की भोकाड पसरायचास, म्हणून जेवणाच्या सुट्टीतही कुणी ना कुणी येऊन ते उगाच फिरवायचं. तू आईला शोधत होतास आणि तिलाच कुरकुर म्हणून पुसत होतास, हे तुला कुणी सांगायचं होतं? सांगणारी मी एकटीच उरले आहे. पण संग्रहालयाच्या समितीत यावर शेवटचा शिक्का बसायचा आहे, तिथे हे बोलू नकोस. आपल्या आईसाठी फिती ठेवा असं मी मागणार नाही, तूही मागू नकोस. तिथे फक्त दोराचं सांग. बैठक सोमवारी अकराला आहे आणि हा विषय पहिलाच आहे. सही करणाऱ्यानेच प्रत अपुरी आहे असं सांगितलं, तर फिती थांबवू आणि एकदा जशाच्या तशा उतरवून घेऊ, असं संचालकांनी आज मला सांगितलं, जाता जाता, पाठमोरे. मी दाराशी उभी असेन. तू आला नाहीस तर विषय चहा येईपर्यंत संपेल, आणि मंगळवारी सकाळी फिती न्यायला गाडी लागेल.

तुझीच, चिडलेली आणि तरीही वाट बघणारी,
ताई