विकलेल्या शेतातली वाट

प्रिय फेस्टी,

नाताळला तुझं कार्ड मिळालं. बर्फातला एक पक्षी आणि खाली नुसती सही. अक्षर अजून थरथरत नाही, एवढं तरी कळलं. मी उत्तर धाडलं नाही, कारण मी तुझ्यावर रागावले होते, आणि खोटं कशाला बोलू, अजूनही रागावलेलीच आहे. पण राग रागाच्या जागी, भाऊ भावाच्या जागी. आज असं वारं सुटलंय की कोंबड्यासुद्धा खुराड्याबाहेर यायला तयार नाहीत. तेव्हा बसून सगळं लिहून काढते.

समुद्राकाठचं शेत तुझ्या वाट्याचं होतं, ते तू विकलंस. बर्मिंगहॅममध्ये बसून तुला त्याचं काय करायचं होतं म्हणा. मी त्यावर काही बोलले नाही, असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. सगळ्या गावाला बोलले, फक्त तुला बोलले नाही. घेणारा वेल्डन डब्लिनचा. माणूस तसा वाईट नाही, दिसला की हात करतो. घराला ह्या एवढाल्या काचा बसवल्यात, घरातून अख्खा समुद्र दिसावा म्हणून, आणि पडदे मात्र कायम ओढलेले. तर या गृहस्थाने जानेवारी संपताना, संत ब्रिजिटच्या सणाच्या तोंडावर, शेतातल्या आपल्या सगळ्यांच्या वाटेवर लोखंडी फाटक घातलं. वर कॅमेरा. 'खासगी मालमत्ता' अशी पाटीसुद्धा.

आपली वाट, फेस्टी! क्रोनॉगच्या टेकाडावर, जुन्या दफनभूमीकडे जाणारी. याच वाटेने बाबा गाढवावर खताला समुद्रशेवाळाचे हारे लादून शेतात आणायचे आणि आपण मागून निसटलेलं गोळा करायचो. संतांच्या विहिरीच्या जत्रेला आई आपल्याला अनवाणी न्यायची. एका प्रदक्षिणेला एक खडा टाकायचा, तर फेऱ्या लवकर संपाव्यात म्हणून तिची पाठ वळली की तू दोन टाकायचास! संतांनी तुला माफ केलं असेल, आईने नसतं केलं. आणि कोलमन बुडाला तेव्हा त्यालाही इथूनच नेलं. तुला मिसरूडही फुटलं नव्हतं, तरी भावाला खांदा मीच देणार म्हणून हटून बसलास. शवपेटी तुझ्या बाजूला कलत होती, म्हणून टेकाडापर्यंत टाचा उचलून चाललास. मागून चालणाऱ्या बायकांमध्ये मी होते. मला तुझ्या टाचाच दिसत होत्या. आता वर पडक्या चर्चच्या भिंतीला लागून आई, बाबा आणि कोलमन समुद्राकडे तोंड करून झोपलेत, आणि मला त्यांच्याकडे जायला वेल्डनसाहेबांची परवानगी हवी!

फाटक लागल्यावर पहिल्याच रविवारी मी त्याच्यावर चढले. हसू नकोस. रबरी बूट, चांगला स्कर्ट आणि हातात जपमाळ. वर पोचले आणि कुठेतरी भोंगा वाजायला लागला. पोलीस आला. तोही कोण, तर ब्रिजेट कॉनीलीचा नातू. म्हणतो, "डेलियाकाकू, उतरा हो खाली, माझी नोकरी घालवाल." मी म्हटलं, "अरे, मग हात दे की, नुसता बघत काय उभा राहिलास?" त्याने बिचाऱ्याने हात दिला. मी उतरले, पण पलीकडच्या बाजूला. गावात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. पुढच्या रविवारपर्यंत वेल्डनने फाटकाच्या वर पत्रा ठोकून घेतला. माझे गुडघे काही पत्रा चढण्यातले राहिले नाहीत.

मग तो स्वतःच पीटर जोच्या पबात आला, आम्हा सगळ्यांची समजूत घालायला. पीटरचं अजून तसंच आहे, पुढे बिअर आणि मागच्या खोलीत शवपेट्या. वेल्डन म्हणाला, "मी कुठे अडवतोय? ओहोटी असली की किनाऱ्यावरून वळसा घालून जा ना." पीटर म्हणाला, "साहेब, ज्या वाटेने पेटी गेली ती वाट बंद होत नसते. आमच्या आज्याच्या आज्यापासून हे असंच चालत आलंय." वकिलाला मी आधीच विचारलं होतं. असा कायदा नाही म्हणाला. नसेल. पण आपल्याकडे आजवर कुणी पेटी अडवलेली नाही. वेल्डन हसला, अगदी सभ्यपणे, आणि म्हणाला, "मान्य. पण आता त्या वाटेने नेतंय कोण? शेवटचं कुणाला नेलं?" सगळे आपापल्या पेल्यात बघायला लागले. शेवटची आपली आई. नंतर सगळे नव्या दफनभूमीत, कारण तिथे गाडी थेट दारात जाते. मी पेला अर्धा ठेवून उठले, फेस्टी. मी! घरी येईपर्यंत माझे कान तापले होते.

आता मुद्द्याचं. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यातली मी नाही, तरी इतका वेळ लपवलं. पोटातलं दुखणं सगळीकडे पसरलंय, असं गॉलवेच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. यंदाचे नवे बटाटे निघेपर्यंत मी काही राहत नाही. एक दिवस मनसोक्त रडून घेतलं. दुसऱ्या दिवशी चूल पेटवताना वेल्डनचा तो प्रश्न आठवला आणि मला हसू फुटलं. पीटरकडे जाऊन पेटीसाठी माप देऊन आले. म्हणाला, "डेलिया, रस्त्याने नेऊ गं तुला, गाडीतून, आरामात." मी म्हटलं, "गाडीत तू बस." टेकाडापर्यंत खांदे देणारे ठरलेत, पोलीसदादाही रजा काढून येणार आहे. पुढची उजवी जागा मी रिकामी ठेवायला सांगितली आहे. शेत तू विकलंस, वाट विकली नाहीस, हे त्या माणसाला तुझ्याच खांद्याने सांगायला हवं. मला तू हवा आहेस, रे. कळवतील तेव्हा ये. फाटक बंद असेल. भांडू नका, त्याला हातसुद्धा लावू नका. फक्त मला खाली ठेवायचं नाही. पाऊस असला तरी नाही, खांदे भरून आले तरी नाही. तो स्वतःच्या हाताने उघडेपर्यंत तिथेच उभे राहा.

तुझीच, अजून रागावलेली,
डेलिया