उभ्याने बस्ता

१९ जाने. ९९, आर्वी
पाठ: मध्यम. शिलाई मशीन आज पुतणीकडे, ज्योतीकडे गेलं. हातगाडीवर चढवताना ह्यांनी मला ओट्यावरून हलूच दिलं नाही, जणू हात लावला तर मणक्याचे तुकडेच पडतील. मशीन वळणावरून दिसेनासं झालं तेव्हा रडले थोडी. मग चहा केला. आता दुसरं काम शोधायचं. आराम करण्याइतकी म्हातारी मी झालेली नाही.

२३ जाने.
पाठ: बरी. हळदीकुंकवाला गेले तर चारी बाजूंनी खुर्च्या पुढे. वर्ध्याचे डॉक्टर म्हणाले होते, वाकू नका, वजन उचलू नका, एका जागी फार वेळ बसू नका. लोकांनी पहिल्या दोनच गोष्टी ऐकल्या. तिसरी सांगितली की हसतात. बसून कुणाची पाठ दुखते का! माझी दुखते. उभं राहावं, चार पावलं टाकावीत, जरा टेकावं, पुन्हा उठावं, असा माझा दिवस छान जातो. पण पाठदुखी म्हटली की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे खुर्चीच येते.

२ फेब्रु.
पाठ: वाईट. भाऊजींच्या, म्हणजे दिरांच्या, एस.टी.डी. बूथवर कामाला गेले होते. ते म्हणाले, "वहिनी, तुमाले फक्त बसाचं हाय." तेच तर! काचेच्या खोक्यात उठायला जागा नाही. दुपारपर्यंत डावा पाय बधिर, गिऱ्हाईक नंबर सांगतंय आणि मला मुंग्यांशिवाय काही सुचत नाही. संध्याकाळी नको म्हणून सांगितलं. भाऊजींना राग नाही आला, नवल वाटलं.

रात्री जेवताना हे म्हणाले, "काऊन एवढी दगदग करून राह्यली? मी कमावतो ना." डेपोत मेकॅनिक आहेत, कमावतात, खरं आहे. मी म्हटलं, तुमी कमावता, पण मी काय दिवसभर घरात पाठीकडेच ध्यान देत बसू? ह्यांनी भाजी दुसऱ्यांदा घेतली.

११ फेब्रु.
रतनसेठच्या साडीच्या दुकानात जाऊन आले. त्यांच्या गिऱ्हाइकांचे फॉल-पिको, ब्लाउज वर्षानुवर्षं माझ्याकडेच यायचे, त्यामुळे ओळख आहे. आडवळण न घेता सांगितलं: साडी विकता येते, फार वेळ बसवत नाही. सेठ म्हणाले, "बाई, तुमाले कोन कष्टाचं काम सांगते? आरामसे गादीवर बसा." आणि स्वतःच्या शेजारची जागा दिली, वर टेकायला लोड. एवढा मान! मी मुकाट्याने मांडी घातली. उद्यापासून येते म्हटलं.

१५ फेब्रु.
पाठ: वाईट. दुकानाची शिस्त अशी की गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना विकणाऱ्याने गादी सोडायची नाही. उठलात म्हणजे गिऱ्हाइकाचा कंटाळा आला. मी पाणी प्यायला उठते, मग पुन्हा पाणी प्यायला. एका दिवसात एवढं पाणी म्हशीलाही लागत नसेल. विक्री चांगली होते आहे, हे मुद्दाम लिहून ठेवते.

२६ फेब्रु.
आज बस्ता होता. लग्नाचं सगळं कापड एकाच बैठकीत, दोन्हीकडची माणसं, लेकरं, चहा, रुसवे. मुलीची मावशी एकेक शालू बाजूला सारत होती. कमरेतून कळ निघाली ती टाचेपर्यंत. घाम फुटला. आणि मी उठले. भर बस्त्यात. सेठचा चेहरा पाहण्यासारखा.

मावशी म्हणाली, "काऊन बाई, कंटाळल्या का आमाले?"

"नाई मावशी. पाठ दुखते माही. बसलं की दुखते, उभ्यानं नाई. मले उभ्यानंच दाखवू द्या."

पुढे काय करायचं ते ठरवलेलं नव्हतं. हातातला शालू अंगावरच्या साडीवरून गुंडाळला, निऱ्या काढल्या, पदर खांद्यावर टाकून गादीच्या कडेने चालून दाखवलं. नवरी तोपर्यंत तोंड उघडत नव्हती. ती बोलली, "हाच पाह्यजे." मग सगळ्यांनाच प्रत्येक साडी तशी पाहायची होती. बस्ता आटोपला तेव्हा पाठ दुखत होती, पण झेपण्यासारखी. फार मजा आली. किती दिवसांनी.

दुकान बंद करताना सेठ म्हणाले, बस्ता मस्त झाला, पण उद्यापासून गादीवरच. गिऱ्हाईक खाली आणि विकणारी उभी, हे शोभत नाही. वडिलांपासूनची रीत आहे. मी म्हटलं, गादीवर मला नाही जमणार. ते कुलूप लावत राहिले, मी निघून आले.

२७ फेब्रु.
गेले नाही. रागच आहे. मला खुर्ची द्यायला सगळे तयार, गादी द्यायला तयार. उभं राहू द्यायला कुणी तयार नाही.

६ मार्च
पाठ: फार वाईट. काल पाण्याची बादली उचलली, गाढवपणा. सकाळपासून आडवी, कूस बदलायची तरी ह्यांचा हात लागतो. आणि नेमके आजच रतनसेठ घरी आले! ह्यांनी खुर्ची पुढे केली, पण बाईमाणूस समोर निजलेलं म्हणून त्यांना बसवेना. ते उभे, मी आडवी, अशी बोलणी.

त्या मावशीच्या नात्यात दोन लग्नं आहेत. सेठ म्हणाले, "पहिला बस्ता तेरा तारखेले आहे. ते लोक म्हणतात, ते उभीवाली बाई पाह्यजे."

छताकडे बघतच सांगितलं. येईन. रोज नाही, पाठ जशी असेल तशी. गादीच्या बाजूला उभं राहायला मोकळी जागा हवी. टेकायला एक उंच स्टूल. आणि मी कधी उठले, कधी टेकले, हे कुणी विचारायचं नाही.

"तुमी तर मालकासारखं बोलून राह्यल्या."

"पाठीची तर मीच मालक आहे ना, सेठजी."

हसले. हो म्हणाले नाहीत. मोठ्या भावाला विचारून निरोप देतो म्हणाले. हे त्यांना दारापर्यंत सोडून आले. मग म्हणाले, "निजून नोकरीच्या अटी घालनारी तूच पाह्यली." हसू आलं आणि हसले तशी कळ आली.

१२ मार्च
पाठ: मध्यम. सेठचा निरोप नाही. बस्ता उद्याच. हे म्हणतात, थांब, बोलावतील. मी थांबणार नाही. चापूनचोपून बसणारी निळी साडी काढून ठेवली आहे. गादीशेजारी जागा केलेली असेल तर कामाला लागेन. लोड पुढे सरकवला तर नमस्कार करून परत फिरेन. मग बाजाररस्त्यावरच्या दुसऱ्या दुकानात विचारेन. साडीची दुकानं आर्वीत पुष्कळ आहेत, उभीवाली बाई एकच.