दाखल्यावरचे नाव

सांगली, ता. १२ जानेवारी १९४६

चि. गोपाळ यास उमाताईचे अनेक आशीर्वाद.

माझे कुंकू तुमच्या सातारच्या नाक्यावर अडले. चूक आपल्या गाडीवानाची, गुंडा त्याचे नाव, तीही मायेपोटी. कारकुनाने माल कुठला विचारले, तर हा ऐटीत सांगून बसला, की कुक्कू सांगलीचं, पर हळद पार कडप्याची हाय, म्हणून तर रंग लय खुलतो.

तूच लिहिले होतेस, की सांगली संस्थान आणि सातारा यांच्यात करार झाला, आता दोन्हीकडचा माल बिनजकात. मग हे काय? जकात चढली तर माझे महाग कुंकू कोण घेईल? हा उद्योग बुडाला, तर माझ्या लेकीची, चारूची, शाळा सोडवून मला पुन्हा दिरांच्या दारी जावे लागेल. ते मला नको आहे.

आईमागे तुझाच आधार, तो असू दे.
उमा

सातारा, ता. १७ जानेवारी

ती. गं. भा. ताईस गोपाळचा सा. न. वि. वि.

गुंडाला म्हणावे, तोंडाला कुलूप घाल. करार आपापसांतल्या मालापुरता आहे. बाहेरच्या मालावर ज्याची त्याची जकात कायम. तुमच्या संस्थानात कमी, इकडे जास्त. कोणी कडप्याची हळद तिकडे उतरवून सांगलीची म्हणून इकडे घुसवली, तर आमच्या जकात कचेरीने काय करावे? म्हणून माल कुठे तयार झाला, याचा दाखला लागतो.

साहेबांना मी सांगितले, की लिंबाचा रस आणि टांकणखार लावून हळकुंडे वाळवली, कुटली, की ती हळद राहत नाही. त्यांनी मानले. कुंकू जिथे झाले, तिथले. करणाऱ्याचे नाव लागते, म्हणून दाखल्याचा छापील नमुना मीच भरून पाठवला आहे. तिकडच्या कचेरीत शिक्का करून घे.

लोभ आहेच, तो उणा होऊ नये.
गोपाळकृष्ण

सातारा, ता. ३ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

माल बिनजकात सुटला, आणि तरी दुकानातून परत आला. डबे गुंडाबरोबर तुझ्याकडे धाडले आहेत. दाखला डब्यांबरोबर दुकानदाराच्या हाती गेला. त्यावर मी, पत्रावर लिहितो तसेच सवयीने, गं. भा. उमाबाई लिहिले होते. विधवेच्या हातचे कुंकू सुवासिनींना कसे विकू, असे तो म्हणाला. वर्षभर त्याच्याच घरी तेच लागत होते.

दोष माझा. घास गिळवत नाही. पुढचा दाखला चारूच्या नावे करू. कुमारिकेच्या हातचे कोणी नाकारणार नाही.

रागावलीस तरी पत्र लिही.
गोपाळ

सांगली, ता. ९ फेब्रुवारी

चि. गोपाळ यास आशीर्वाद.

रडले, खोटे कशाला सांगू? चारू नाव द्यायला तयार होती, मीच नको म्हटले. तुझा नमुना पुन्हा वाचला. त्यात दोनच गोष्टी विचारल्या आहेत, माल कुठे झाला आणि कोणी केला. माझा नवरा आहे की गेला, हे सरकारने कुठेच विचारलेले नाही.

तेच डबे परत पाठवते आहे, दुसऱ्या पेठेत दाखव. नाव या खेपेस मीच भरले आहे, नुसते उमा. मार्चपर्यंत चारूची शाळा चालेल इतके घरात आहे. पुढचे ठाऊक नाही. पण कुंकू मी करते, आणि दाखल्यावर तेवढेच राहील.

जेवत जा. माया पातळ करू नकोस.
उमा