तुमचा खेळ मी पुसला

अहो,

आज सकाळी मी तुमचा खेळ पुसला. कायमचा. दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडूनच कळलेलं बरं, म्हणून हे पत्र. नीलूला सांगितलं तर तो फोनवर म्हणाला, "आई, तू बाबांना पुसलंस." आणि फोन ठेवून दिला. दुपार झाली, अजून त्याचा फोन नाही. पोरगा तुमच्यावरच गेलाय. रुसला की तोंडात मिठाची गुळणी.

त्याची समजूत मी घालीनच. आधी तुम्हाला सांगते. सांगते फक्त, माफी मागत नाही.

माझा भाऊ मस्कतहून आला तेव्हा नीलूसाठी तो व्हिडिओ गेम घेऊन आला होता, आठवतं? गाड्यांची आणि मारामारीची कॅसेट नीलूने खेळून खेळून झिजवली आणि ही एक कोपऱ्यात टाकली, कारण हिच्यात वाचायला फार. "हा तर अभ्यासच आहे," म्हणाला. मग भाईंदरच्या कारखान्यात दिवसभर स्टीलच्या ताटांना पॉलिश मारून आलेला माणूस त्या अभ्यासाला का बसला? मला आजही कळलेलं नाही. तुम्ही तोवर पत्त्यांनासुद्धा हात लावला नव्हता.

आणि खेळ तरी काय? चौघांनी एका लहान गावातून निघायचं. रानातून चालायचं, वाटेत राक्षस भेटले की लढायचं. पुढच्या गावात धर्मशाळेत झोपायचं. अंगात थोडं बळ आलं की आणखी पुढे. शेवटी समुद्रापलीकडच्या किल्ल्यात तो काळा राजा, त्याला मारलं की संपलं. श्रावणातल्या कहाण्यांत तरी दुसरं काय असतं? आटपाट नगरातून कोणीतरी निघतंच की.

निघण्याआधी चौघांना नावं द्यायची होती. इंग्रजीत, तीही चार अक्षरांच्या आत. एबीसीडी मला येत होती, म्हणून रिमोट माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "पहिला गडी मी. टाक माझं नाव."

मी कशी टाकणार? लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. मी आपलं ए, एच, ओ टाकलं. अहो. तुम्ही रिमोट ओढून घेतलात आणि एकेक अक्षर शोधत दुसऱ्याचं नाव टाकलंत, ए, जी, ए. अगं. तिसरा नीलू. चौथी जादूगार, तिला तुमच्या बहिणीवरून वन्सं केलं, कारण तिच्या तोंडातून आग निघायची. ही गोष्ट वन्संना बरीच वर्षं आपण कळू दिली नाही.

मग तो खेळातला म्हातारा राजा सिंहासनावरून म्हणाला, "अहो, आमचं राज्य वाचवा." नीलू हसून हसून गादीवर लोळला होता. तुम्ही मात्र ताठ बसून म्हणालात, "वाचवतो."

मी सातवीत शाळा सोडलेली बाई. माझं इंग्रजी त्या कॅसेटवर झालं. पाटीवर 'इन' लिहिलं असेल तर झोपायची सोय, 'कर्स' म्हणजे शाप, 'पॉयझन' झालं की हिरव्या पानाचं औषध. सुरुवातीला नीलूला विचारायची. तो वैतागला, मग मीच अंदाजाने लावत गेले. चुकलं तर आपण मरायचो आणि तोच राजा पुन्हा म्हणायचा, धीर सोडू नका. अशी शाळा मला लहानपणी मिळाली असती तर मी सोडली असती का?

शेजारी नावं ठेवायचे, ते तुम्ही ऐकून सोडून द्यायचात. मी नाही सोडलं. समोरच्या भाभी म्हणाल्या होत्या, "अरे आंटी, अंकल अभी भी वही गेम?" मी म्हटलं, "तुम्हारे घर में रोज दाल बनती है ना? कोई बोलता है क्या, कल ही तो खाया था?"

नीलूचं वेगळंच. त्याला नोकरी लागल्यावर त्याने मोबाइलवर कायकाय दाखवलं. पाणी खरं वाटायचं, घोड्याच्या मानेवरचे केस हलायचे. "बाबा, हे बघा. तुमच्यात काय आहे? नुसते चौकोनी ठिपके." तुम्ही बघून, "छान आहे रे," म्हणालात आणि आपल्या कॅसेटीकडे वळलात. उत्तर मी दिलं. ठिपके तर रांगोळीतही असतात, नीलू. त्यातून कासव दिसतं की नाही? ते कासव तू पुरं करतोस, डोळ्यांनी. तुझ्या मोबाइलवाल्याने सगळंच करून ठेवलंय, मग माझ्या डोळ्यांना काम काय उरलं?

आणि त्या मोबाइलच्या खेळात जरा मान वळवली की मेलोच. आपला राक्षस तसा नव्हता. आपण हुकूम दिल्याशिवाय त्यानेही हात उचलायचा नाही, असा नियम. मी फोडणी टाकून यायची, दूध उतरवून यायची, खाली जाऊन भाजी घेऊन यायची, तो आपला उभा. तुम्ही म्हणायचात, "घाबरू नकोस, विचार कर, त्याला काही घाई नाही." मीरा रोडला राहायला आल्यापासून आपल्यासाठी एवढं कोण थांबलंय, सांगा बरं? रिक्षावाला थांबतो का?

काळा राजा मेला की तुम्ही चहा मागायचात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्या लहान गावातून निघायचात. प्रत्येक झाड माहीत, प्रत्येक माणूस काय बोलणार ते पाठ. विहिरीजवळची म्हातारी नेहमी तेच सांगायची, उत्तरेला जाऊ नका. तुम्ही तिलाही दर वेळी भेटून जायचात. मी चिडवायची, "ती काय नवीन सांगणार आहे?" तर म्हणायचात, "तिला वाटेल, विसरला."

असे होतात तुम्ही. आणि एक गोष्ट मला तेव्हाही पटली नव्हती. दर वेळी स्वतःला पहिल्या रांगेत उभं करायचात आणि मला मागे, औषधं देऊन. तुम्ही पडलात की मी तुम्हाला उठवायचा मंत्र टाकायची, तर ओरडायचात, "मला काय उठवत बसलीस? तेवढ्या पाळीत वार कर, तू वार कर." घरात मात्र कप जरी उचलायचा झाला तरी, अगं, जरा उठ ना.

गेल्या वर्षी दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "क्रिटिकल." तो शब्द मला आपल्या खेळातूनच माहीत होता. तिथे तो दिसला की आपला वार जबर बसलेला असायचा आणि तुम्ही मला टाळी द्यायचात. मी क्षणभर डॉक्टरांकडे बघत राहिले. मग कळलं, या वेळी वार दुसऱ्या बाजूने बसलाय.

तुम्ही गेलात त्या दिवशी वन्सं माझं कुंकू उतरवायला पुढे आल्या. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, हे लग्नाआधीपासून माझं आहे, यांनी दिलेलं नाही. चार बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या. बघू देत. टिकली अजून आहे, रोज लावते.

आता कॅसेटीचं. तुम्ही गेल्यावर मी रोज दुपारी टीव्ही लावायची, खेळायची नाही. नुसतं उघडून बघायची. दवाखान्यात नेलं त्याच्या आदल्या दिवशी तुम्ही किल्ल्याच्या अलीकडच्या गावात, धर्मशाळेत चौघांना झोपवलं होतंत. धर्मशाळेत झोपलं की खेळ तिथवरचं सगळं लक्षात ठेवतो. नाव दिसायचं, अहो. मग टीव्ही बंद करायची.

या महिन्यात एके दिवशी नाव दिसलं नाही. सगळं कोरं. बंद करून पुन्हा लावलं तेव्हा आलं. मग मी कॅसेट पदरात गुंडाळून स्टेशनजवळच्या इम्रानभाईंकडे नेली, ते जुने टीव्ही आणि रेडिओ दुरुस्त करतात. त्यांनी उघडून दाखवलं. आत घड्याळात असतो तसा एक सेल. त्याच्याच जिवावर तुमचं नाव टिकलेलं.

"आंटी, सेल खतम हो रहा है. कभी भी जाएगा."

"तो नया डालो ना."

"डालूंगा. लेकिन पुराना निकाला कि अंदर का सब गया. और नहीं डाला तो भी जाएगा, आज नहीं तो कल. फिर उसमें नया भी कुछ नहीं रहेगा."

घरी येऊन वन्संना आणि नीलूला बोलावलं. नीलू काशीगावच्या त्याच्या घरून धावत आला. त्याने टीव्हीवरच्या नावाचा मोबाइलवर फोटो काढला. म्हणाला, "हे फ्रेम करू. आणि कॅसेट अजिबात उघडू द्यायची नाही, जितके दिवस टिकेल तितके दिवस." वन्सं म्हणाल्या, "लाल कापडात बांध आणि दादाच्या फोटोखाली ठेव. तसंही वर्षश्राद्ध तोंडावर आलंय, बाईमाणसाने टीव्हीवर खेळत बसलेलं शोभत नाही."

म्हणजे एक जण काचेत घालणार आणि एक जण फडक्यात. आणि तुम्ही? तुम्ही धर्मशाळेत अंथरुणावर पडून, सेल संपायची वाट बघत? वर्षभर तुम्हाला झोपलेलं बघून माझं मन विटलं होतं. झोपण्यासाठी निघाला होतात का तुम्ही?

नीलू ऑफिसला निघून गेला. मी वन्संसमोरच रिमोट हातात घेतला आणि चौघांना उठवलं.

"हे काय करतेस?"

"किल्ल्यात जातेय."

"दादाशिवाय?"

"त्यांनाच घेऊन जातेय. हे बघा, पुढे ते आहेत. मागे मी. हा नीलू. आणि ही जांभळ्या झग्यातली तुम्ही."

वन्संनी चष्मा काढून पुसला. "मी? मी काय करते यात?"

"जादू करता. तोंडातून आग काढता."

"हे दादाने केलं?"

"दोघांनी मिळून."

एवढं बोलणं झाल्यावर तरी त्या उठून जातील असं वाटलं होतं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

काळा राजा नेहमीसारखाच उभा होता. बरोबर चालू होतं सगळं, पण मग त्याने एक मोठा वार केला आणि तुम्ही पडलात. नीलूही पडला. मी आणि वन्सं राहिलो, आम्हीही अर्धमेल्या. माझ्याकडे एकाच मंत्रापुरती ताकद उरली होती.

"अगं, दादाला उठव," वन्सं म्हणाल्या. "बघतेस काय? उठव त्याला."

मी रिमोट मांडीवर ठेवला. राक्षस थांबला होता, मी हवा तेवढा वेळ घेतला. तुम्ही, म्हणजे आडवा पडलेला चौकोनी ठिपक्यांचा गडी, निळ्या कपड्यातला. त्या दिवशी दवाखान्यात माझ्या हातात मंत्र नव्हता. आता होता. तुम्हाला उठवलं असतं आणि पुढच्याच वाराला आपण चौघेही गेलो असतो, हे मला दिसत होतं. तुम्हीच शिकवलंत ना हे बघायला?

"नाही उठवणार," मी म्हटलं.

"निर्दयी आहेस."

"असेन. आता तुमची पाळी आहे वन्सं, काय करू ते सांगा."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग टीव्हीकडे बोट करून म्हणाल्या, "जाळ मेल्याला."

तो मंत्र मी वन्संना वाचवायला टाकला आणि वन्संनी काळ्या राजाला जाळलं. शेवटचा घाव तुमच्या बहिणीचा. किल्ला कोसळला, गावातले लोक नाचायला लागले. वन्सं खुर्चीतून पुढे वाकून टीव्हीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "गेला का तो?"

"गेला."

"दादाला कळलं असेल?"

मी उठून चहा टाकला.

आज सकाळी कॅसेट इम्रानभाईंना दिली. त्यांनी पुन्हा विचारलं, "आंटी, सोच लिया ना?" मी म्हटलं, "निकालो. उसका काम पूरा हो गया है." त्यांनी चिमट्याने तो सेल काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. पावलीएवढा. तिथल्या तिथे कचऱ्यात टाकायला सांगितला मी. जपून ठेवायचं ते वेगळं आहे, आणि ते कुठल्या सेलवर चालत नाही.

नीलू म्हणतो मी तुम्हाला पुसलं. तुम्ही त्या कॅसेटीत राहत होतात का? तुम्ही राहत होतात ते पुन्हा निघण्यात. काळ्या राजाला मारून दुसऱ्या दिवशी कोऱ्या हाताने, एका लाकडी काठीनिशी त्या लहान गावातून निघायचात ना, तिथे. फ्रेममध्ये आणि लाल फडक्यात जो राहील तो दुसराच कोणी माणूस असेल. मला तो नको.

दुपारी नवा डाव मांडला. या वेळी पहिल्या रांगेत मी आहे. अंगावर फाटका अंगरखा, हातात काठी, आणि गावाबाहेरच्या पहिल्याच किड्याने मला मारलं. दोनदा. हसू नका.

शब्द देते. तुमच्या वर्षश्राद्धाला पान वाढेन, तुमच्या आवडीची अळूची भाजी करेन, कावळ्यालाही हाक मारेन. सगळं करेन, आणि मग टीव्ही लावेन. नीलू गाल फुगवून दारात उभा राहील, मला माहीत आहे. त्याच्या हाताला धरून त्याला गादीवर बसवेन, दुसरा रिमोट नसला तरी माझा देईन. म्हणेन, "नीलू, तुझ्या बाबांचं राहिलेलं काही इथे नाही. ते आम्ही पुरं केलंय. आता तुझं नाव टाक आणि चल, उत्तरेला जायचंय."

तुमची,
सुमन